अद्भुत बघतानाही डोकं चालूच असतं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अद्भुत कथांवरच्या चित्रपट-मालिकांची परीक्षणं मी नेमाने वाचते. ‘डोकं घरी ठेवून बघा’ हा सल्ला त्यांत हमखास असतो. प्रेक्षकावर हा अन्याय आहे.

दाखला आमच्याच गावचा देते. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाला खांद्यावर घेऊन चालणारा राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. तिथे प्रेत बोलतं. पण गोष्ट संपली की वेताळ विचारतो तो प्रश्न अगदी व्यवहारातला. मंदारवतीला तिघांनी मागणी घातली आणि लग्नाआधीच ती वारली. एक जण तिच्या चितेच्या राखेवर झोपू लागला, दुसऱ्याने अस्थी गंगेला नेल्या, तिसऱ्याने मंत्र मिळवून तिला उठवलं. आता नवरा कोण? राजा म्हणतो, जिवंत केलं तो बाप, अस्थी नेल्या तो मुलगा, राखेवर झोपला तो नवरा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या मुलांना मी ही गोष्ट सांगितली. मंत्राबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पाचवीतली एक मुलगी मात्र म्हणाली, “आजी, पावसाळ्यात राख वाहून नसंल का गेली?” सोमदेवाने ती सोय केलेली आहे, त्या तरुणाने तिथे झोपडी बांधली होती. हे कळल्यावरच ती पुढचं ऐकायला तयार झाली.

मोठ्यांचंही तेच. नागिणीची बाई होते ती मालिका आमच्या शेजारणी मन लावून बघतात. पण मराठवाड्यातलं गाव म्हणून भर वैशाखात हिरवीगार ज्वारी डोलताना दाखवली, तेव्हा “हे कुणाचं वावर गं?” म्हणून सगळ्या हसल्या. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फाल्गुनापर्यंत काढून होतो. वैशाखात आमची रानं नांगरून तापत पडलेली असतात. नागीण लेखकाची, ती आम्ही आनंदाने मान्य केली. ज्वारी मात्र आमची आहे.

अशा कथांनी अंधश्रद्धा वाढते म्हणणाऱ्यांनी 2013चा जादूटोणाविरोधी कायदा वाचावा. चमत्कार खरा म्हणून लोकांना फसवणाऱ्याला तो धरतो, गोष्ट सांगणाऱ्याला नाही.

आपल्या परीक्षणकारांना विनंती आहे. कथेने स्वतः घातलेला नियम शेवटपर्यंत पाळला का, मेलेला एकदाच उठतो असं सांगून पुढच्या भागात त्याला पुन्हा उठवलं का, त्यातली नाती आणि शेतं खरी वाटतात का, एवढं लिहा. तिकीट काढायचं की नाही, ते आम्ही त्यावर ठरवू.

एक निवृत्त शिक्षिका,
पैठण