आमच्या वाफ्याला एक कागद द्या

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

विक्रोळी पूर्वेला आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर, बसथांब्याच्या मागे, चाळीस फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी एक पट्टी आहे. 2021 च्या जूनपर्यंत तिथे राडारोडा पडलेला असे. कोणी घराचे काम काढले की रात्री चार गोण्या तिथे रिकाम्या व्हायच्या, सकाळी त्यावर कचरा पडायचा. थांब्यावर उभ्या असलेल्या बायका पदर नाकाला लावून बसची वाट बघायच्या. आज तिथे तगर, जास्वंद, अबोली, गोकर्ण आणि सदाफुली आहे, मागच्या बाजूला अडुळसा, गवती चहा आणि कढीपत्ता आहे, आणि मधोमध एक ताम्हण आहे. हे सगळे वसाहतीतल्या अकरा माणसांनी रविवारच्या रविवारी केले आहे. त्यांतली मी एक. त्या पट्टीसाठी आणि राज्यात अशा असतील तितक्या सगळ्या पट्ट्यांसाठी मला आपल्याकडे एक मागणी करायची आहे.

पहिले चार रविवार आम्ही एकही रोप लावले नाही, नुसते उपसत होतो. फरशीचे तुकडे, फुटके बेसिन, काचा, वायरी, गुटख्याच्या पुड्या. खाली भरणीची जमीन. पहार मारली की ठण्ण आवाज यायचा आणि हाताला झिणझिण्या यायच्या. त्या जमिनीत काही उगवेल असे आमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटत नव्हते. आमच्यात गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. त्यांनी झाडूवाल्या ताईंना सांगून रस्त्यावरचा पाचोळा मागून घेतला. घरोघरचा ओला कचरा आणि त्याच्या दुप्पट पाचोळा असे थर देत विटांच्या जाळीदार हौदात ते रचत गेले. विटांमध्ये भोके सोडून खत करायची ही नाडेपची पद्धत आपल्याच राज्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची. नाडेपकाका म्हणूनच लोक त्यांना ओळखत. तीन-साडेतीन महिन्यांनी आजोबांनी हौदातून मूठभर काढून आमच्या नाकाशी धरले. पहिल्या पावसानंतर गावच्या अंगणाला येतो तसा वास होता. आमची माती अशी घरी तयार झाली आहे, विकत आणलेली नाही.

चुकाही पुष्कळ केल्या. पहिल्या वर्षी हौसेने नर्सरीतून पेटुनिया आणली, ती मार्चच्या उन्हात संपली. मग जे आपल्या अंगणांतून पिढ्यान्‌पिढ्या तग धरून आहे तेच लावायचे ठरले. सदाफुली एकदा रुजली की स्वतःच बी टाकते. गवती चहाच्या एका बेटाची वर्षभरात सहा बेटे होतात, लोक येता-जाता दोन पाती खुडून नेतात, आणि ते न्यावे म्हणूनच तो लावला आहे.

कढीपत्त्याचे एक सांगते. त्याच्या पानांवर मॉर्मन फुलपाखरे अंडी घालतात. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, नंतर कात टाकत टाकत हिरवीगार होते. नववीतल्या दोन मुलींनी हे पहिल्यांदा पाहिले आणि अळ्या असलेल्या फांदीला लाल लोकरीचा धागा बांधला. फोडणीला पाने न्यायला आलेल्या काकूंना त्या सांगायच्या, "ही फांदी नको काकू, पलीकडची घ्या." काकूही पलीकडची घ्यायच्या. आता धागा दिसला की न सांगताच लोक ती फांदी सोडतात. त्या पट्टीवर रात्री गोण्या पडणे कधी बंद झाले, ते कोणाला नेमके सांगता येणार नाही. पाटी लावली नव्हती, कुंपण नव्हते, दंडाची भाषा केली नव्हती.

हे सगळे चालू असताना गेल्या वर्षी मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी खोदकाम सुरू झाले. केबल टाकायची होती. काम कोणाचे आणि ठेकेदार कोण हे मी इथे लिहीत नाही, कारण माझा राग त्या एका ठेकेदारावर नाही. मी खाली उतरले तोवर पट्टीचा अर्धा भाग चरात गेला होता. अबोली आणि तगर उपटून बाजूच्या ढिगाऱ्यावर पडली होती, मुळे उन्हात. मी मुकादमाला म्हटले, अहो, ही बाग आहे. तो म्हणाला, "बाई, कागद दाखवा." माझ्याकडे कागद नव्हता.

चर ताम्हणापासून दोन हातांवर आला होता. खोदणाऱ्यांपैकी एक तरुण मुलगा थांबला. त्याने कुदळ बाजूला ठेवली, ताम्हणाभोवती हाताने गोल आखून घेतला, आणि कडेकडेने माती मोकळी करत मुळांचा गोळा अख्खा उचलला. माझ्याकडे गोणपाट मागितले. गोळा त्यात गुंडाळून सुतळीने बांधला, जिन्याखालच्या सावलीत नेऊन ठेवला आणि म्हणाला, "तीन दिवस नुसता ओला ठेवा, पाणी भसाभस ओतू नका. गावाकडे आंब्याची रोपं अशीच हलवतात." चर बुजल्यावर आम्ही तो परत लावला. पंधरा दिवसांनी त्याला पालवी फुटली. त्या मुलाचे नाव विचारायचे राहून गेले, याची मला आजही चुटपुट आहे.

बाकीची रोपे मात्र गेली. दुपारी शाळेतून परतलेल्या त्या दोघी मुली ढिगाऱ्याजवळ उभ्या राहिल्या होत्या, तो क्षण मला विसरता येत नाही. लाल धागा मातीत दिसत होता.

कागद मिळवायला मी त्यानंतर चार कार्यालयांत गेले. कुठेच कोणी उद्धटपणे बोलले नाही, उलट एका ठिकाणी चहा दिला. पण एकाने सांगितले की जागा आमच्याकडे नाही. दुसरे म्हणाले की जागा आमची, पण असा अर्ज घेण्याचा नमुनाच नाही. तिसरीकडे विचारले, तुमची संस्था नोंदणीकृत आहे का? चौथीकडे, बाग दत्तक घ्यायची असेल तर खर्चाची हमी द्या. आमच्याकडे दरमहा माणशी वीस रुपये, दोन पहारी, तीन घमेली आणि एक झारी एवढीच मालमत्ता आहे.

इथेच माझा मुद्दा आहे, महोदय. मोठ्या झाडाला आपल्याकडे कायदा आहे. 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाने नागरी भागात विनापरवाना झाड तोडता येत नाही, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. मोठ्या बागेला खाते आहे, अंदाजपत्रक आहे, माळी आहेत. पण चाळीस फुटांचा वाफा आणि त्याला पाणी घालणारी माणसे यांना सरकारदरबारी नावच नाही. त्यामुळे तो वाफा खोदणाऱ्याच्या लेखी रिकामी जागा असतो. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण आणि उद्याने ही दोन्ही कामे नगरपालिकांच्या यादीत आहेत. ती यादी पगारी माळ्यांच्या बळावर पुरी होणार नाही, हे आपणही जाणता.

आमची मागणी जागेची नाही. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्यावरून 2016 साली केवढा वाद झाला आणि त्या धोरणाला स्थगिती द्यावी लागली, हे आम्हाला आठवते. लोकांची भीती खरी होती. एकदा फाटक बसले की आत कोण जाणार हे फाटकवाला ठरवतो. म्हणून मी स्पष्ट लिहिते: आम्हाला ताबा नको, कुंपण नको, आमच्या नावाची पाटी नको. जागा ज्याची आहे त्याचीच राहू द्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची राहू द्या. फक्त एक शासन निर्णय काढा, सगळ्या महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना लागू होईल असा. पाच-सात रहिवाशांनी साध्या अर्जावर, संस्था नोंदवल्याशिवाय, आपल्या दारातल्या सार्वजनिक पट्टीची देखभाल करतो असे कळवले की स्थानिक कार्यालयाने त्याची नोंद करावी आणि एका पानाची पोच द्यावी. तिथे खोदकाम निघाले तर पंधरा दिवस आधी त्या रहिवाशांना कळवावे. अडवायचा हक्क आम्ही मागत नाही. केबल टाकायलाच हवी, पाण्याची लाइन दुरुस्त व्हायलाच हवी. पंधरा दिवस मिळाले तर आम्ही रोपे काढून कुंड्यांत ठेवू, चर बुजला की परत लावू. आमचे अर्धे नुकसान एका फोनने वाचले असते.

पाण्याबद्दलही लिहायला हवे, कारण कोणी तरी विचारणारच की मुंबईत माणसांना पाणी पुरत नाही आणि यांना फुलांना हवे. मुंबईचे पाणी सात तलावांतून येते आणि त्यातला मोठा वाटा शहापूरच्या बाजूच्या भातसा धरणातून येतो. तिकडच्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरतात. ते पाणी आम्ही सदाफुलीला घालणार नाही. आमच्याकडे एसीच्या नळीखाली बादल्या लावल्या आहेत, तांदूळ-भाजी धुतलेले पाणी दोन मजल्यांवरून खाली येते, आणि दोन घरांतून फिल्टरचे वाया जाणारे पाणी मिळते. एप्रिल-मे सोडून ते पुरते. त्या दोन महिन्यांसाठी आसपासच्या एखाद्या जुन्या विहिरीचे पाणी आठवड्यातून दोनदा घेऊ द्यावे, एवढेच. डासांची काळजी वाटणाऱ्यांसाठी हेही सांगते की आमच्याकडे कुंडीखाली एकही ताटली नाही. सगळे जमिनीत आहे, आणि बादल्या रोजच्या रोज रिकाम्या होतात.

आणखी एक गोष्ट या शासन निर्णयात यावी असे मला मनापासून वाटते. आपल्या शहरांतली झाडांची आळी, म्हणजे बुंध्याभोवती पाणी मुरायला केलेले मातीचे खोलगट गोल, परत मिळावीत. माझ्या वडिलांनी गावी नारळ लावला तेव्हा आधी आळे केले. आळ्याशिवाय झाड लावायचे असते हे त्यांना ठाऊकच नव्हते. आज फुटपाथवरच्या करंजाला आणि सोनमोहराला बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट असते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला थेंबही त्या मुळांपर्यंत सरळ उतरत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्या राज्यात गावोगावी आळे करणारे हात आहेत. त्यांना ब्लॉक काढायची परवानगी नसते. ज्यांची पट्टी नोंदवली आहे त्यांना निदान आपल्या पट्टीतल्या झाडांची आळी करू द्या. त्यांचा पाचोळाही त्यांच्याकडेच राहू द्या, गाडीत भरून डंपिंगवर कशाला न्यायचा?

हे मुंबईपुरते लिहिले असे वाटू नये. माझे माहेर लहान शहरातले आहे. तिथे एसटी स्टँडच्या मागे, नगरपरिषदेच्या दवाखान्यापुढे, तळ्याच्या काठाला अशा कितीतरी पट्ट्या मी दरवर्षी ओस पाहते. आणि तिथे तर प्रत्येक घरात कोणाला ना कोणाला कलम बांधता येते, मोगऱ्याची फांदी कधी लावायची हे कळते. इंग्लंडमध्ये टॉडमॉर्डन नावाचे जेमतेम पंधरा हजार वस्तीचे गाव आहे. 2008 पासून तिथल्या लोकांनी पोलीस ठाण्यापुढे, रेल्वे स्टेशनवर, रस्त्याच्या कडेला भाजी लावली, ज्याला हवी त्याने न्यावी अशी. आपल्याकडच्या नगरपंचायतींना हे अवघड का जावे? तिकडे माती आपल्या भरणीच्या जमिनीपेक्षा शंभर पटींनी बरी आहे.

मुंबईत पावसाळ्याचे चार महिने रस्त्यांची खोदाई बंद असते आणि ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू होते. आम्ही या जूनमध्ये चरावर नवी अबोली लावली आहे. मुलींनी कढीपत्त्याची तीन रोपे बियांपासून केली, ती गुडघ्याएवढी झाली आहेत, आणि एकावर परवा पहिली अळी दिसली. निर्णय ऑक्टोबरच्या आत झाला, तर या वेळी मुकादमाने कागद मागितल्यावर मला तो दाखवता येईल.

आपली,
एक रहिवासी
विक्रोळी पूर्व, मुंबई