मुस्तफाची मशीन उभी राहतेय

परभणी,
पोळ्याची कर

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस, हे सगळे जुने व्हिडिओ गेम मोबाईलवर येतात, आपापल्या घरी बसून आपण ऑनलाइनही खेळू शकतो, मग मी एवढं साडेपाच फुटी मशीनचं धूड कशाला बांधायलोय? तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, नीट बोलता आलं नाही. आज कर, दुकान बंद. सविस्तर लिहितो.

आधी बातमी ऐक. स्टँडमागच्या पार्लरमधला मुस्तफा गेमचा बोर्ड, म्हणजे मशीनच्या आतली सर्किटची पाटी, माझ्याकडं आलाय. तोच, ज्यात आपण खाऊचे रुपये घातले. पार्लर बंद झाल्यावर चाचांनी सगळं सामान जुन्या मोंढ्यातल्या एका गोदामात टाकलं होतं. बारदान्याच्या थप्पीमागं मशिनी उभ्या होत्या, लाकूड वाळवीनं खाल्लेलं, काचा गेलेल्या. पण बोर्ड मात्र चाचांनी काढून, उर्दू पेपरात गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. "ले जा बेटा, तुम लोगां काच है," म्हणाले. पैसे घ्यायला तयार नव्हते, मी बळंच त्यांच्या खिशात घातले.

भाचा म्हणत होता, मामा, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्या, त्यात मेम टाका, हजारो गेम येतील. मेम म्हणजे जुन्या मशिनींचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन माणसानं ते 1997 साली सुरू केलं, आणि जुन्या मशिनी आतून कशा चालत होत्या हे त्यामुळं कायमचं नोंदलं गेलं. नाहीतर कितीतरी गेम अशाच कुठल्या गोदामात संपले असते. पण आपल्याकडची लाइट तुला माहीत आहे. आभाळ भरून आलं की गेली. असा छोटा कॉम्प्युटर चालू असताना लाइट गेली तर मेमरी कार्ड खराब व्हायची भीती. बोर्डाला ती नाही. गेम चिपांमध्ये पक्का बसलेला आहे, लाइट आली की लगेच पहिल्यापासून सुरू. कॅपकॉम या जपानी कंपनीनं हा गेम 1993 साली काढला. अजून त्याला कुणाचं अपडेट लागत नाही, नेट लागत नाही.

आणि वायरिंग इतकं सरळ आहे की मी पहिल्यांदा नकाशा बघितला तेव्हा खूश झालो. जपानमधल्या मशीनवाल्यांच्या संघटनेनं 1985 साली सगळ्या बोर्डांसाठी एकच जोड ठरवला, त्याला जॅमा म्हणतात. 56 पिना, एका बाजूला 28, दुसऱ्या बाजूला 28. सातव्या जागी खाच, म्हणजे जोड उलटा बसू नये. प्रत्येक बटणाखाली एक मायक्रोस्विच, म्हणजे जरा दाबला की लागणारा बारका स्विच. त्याची एक वायर आपापल्या पिनेला, दुसरी सगळ्यांची मिळून ग्राउंडला. दांडीच्या, म्हणजे जॉयस्टिकच्या, चार दिशा म्हणजेही चार मायक्रोस्विचच. आणि आपण रुपया टाकायचो ना, ती फटसुद्धा बोर्डाच्या लेखी एक स्विच आहे, 16 नंबरची पिन! नाणं खाली पडताना बारीक तार दाबतं, पिन क्षणभर ग्राउंडला लागते, झालं क्रेडिट.

जपायचं ते एकाच गोष्टीला, सप्लायमधून बोर्डाला मिळणाऱ्या 5 व्होल्टला. सप्लायवर 5 दिसले तरी बोर्डापर्यंत पोचेस्तोवर वायरीत थोडे कमी होतात. म्हणून मीटर बोर्डाच्या कडेलाच लावायचा आणि सप्लायचा बारका स्क्रू फिरवत तिथं 5 आणायचे. सव्वापाचच्या वर अजिबात जाऊ द्यायचं नाही. हे काम मी एकट्यानं, दार लावून, सावकाश केलं.

पडद्यासाठी जुना चौकोनी 17 इंची मॉनिटर घेतला. बोर्ड सेकंदाला चित्राच्या साधारण 15 हजार ओळी सोडतो, कॉम्प्युटरच्या मॉनिटरला 31 हजारांच्या आसपास लागतात, म्हणून मधे एक कन्व्हर्टर बसवला. जुन्या पिक्चर ट्यूबची झाक त्याला येत नाही, पण रंग चांगले आहेत. ट्यूब मिळाली तर बदलीन.

आता लाकूड. गल्लीतले मिस्त्री कपाटं, देव्हारे करणारे. मी पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचा फर्मा कापून नेला. त्यांनी तो उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला, म्हणाले, "मालक, ह्यात ठेवायचं काय हाय? कप्पे तर कुठं दिसना गेलेत." मी बोर्ड लावून दाखवला. तेव्हापासून हे काम त्यांचंही झालंय. एमडीएफ नको, पाणी लागलं की फुगतं, 18 मिलिमीटरचा प्लायच घ्या, हे त्यांनीच ठरवलं. 8 बाय 4 च्या एका शीटमधून दोन्ही बाजू निघतात, प्रत्येकी साडेपाच फूट उंच आणि 2 फुटाला थोड्या कमी खोल. उरलेल्या तुकड्यात दांड्या-बटणांची फळी बसते. बटणांची भोकं 28 मिलिमीटरच्या होल सॉनं पाडली. पण 18 मिलिमीटरच्या फळीत दांडी बुटकी पडते, मुठीत नीट येत नाही. मिस्त्रींनी फळी उलटी करून पटाशीनं खालून खाच कोरली, इतकी सफाईनं की वरून हात फिरवला तर कळतसुद्धा नाही. कडांना बिडिंग पट्टी. आपल्या उन्हाळ्याचा विचार करून खाली जाळी आणि वर पाठीमागं पंखा, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाईल.

फळीच्या रुंदीवर मात्र माझं आणि मिस्त्रींचं बरंच बोलणं झालं. ते म्हणत होते, दोन मोठी माणसं उभी राहणार, 3 फूट तरी करा. मी 28 इंचांवर अडून बसलो. दोन दांड्यांमध्ये 14 इंच. खांद्याला खांदा लागणार, आणि तो लागायलाच पाहिजे. तुझ्या ऑनलाइनच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे, सुध्या.

आठव, मुस्तफात पडदा दोघांचा एकच. एक जण मागं राहिला तर पडदा पुढं सरकत नाही, दुसऱ्याला थांबावंच लागतं. पिंप फोडलं आणि खायचं निघालं, तर ते एकालाच मिळतं. गेममधल्या गड्यांपैकी तू कायम मेस घ्यायचास, मी मुस्तफा. माझी जीवाची पट्टी संपत आली की तू कोपरानं ढोसायचास, "घे तू, घे," आणि तोवर एकटा सगळ्यांना अंगावर घ्यायचास. तुझी स्वतःची पट्टी काही फार भरलेली नसायची. उरुसाच्या गर्दीत आपण एका रुपयात तिसऱ्या टप्प्यापर्यंत, गाडी चालवायला मिळते तिथपर्यंत गेलो, ते अशाच वाटणीवर. खेळ शिकण्याआधी मी तुझ्याकडून ही वाटणी शिकलो. तू पुण्याला गेल्यापासून आपण बोलतो पुष्कळ, पण शेजारी उभे कधी असतो? लग्नकार्यात, तेही फोटोपुरते. मला तू त्या 14 इंचांवर डावीकडं उभा हवा आहेस. त्यासाठी मी ही मशीन बांधतोय, आणि हे फोनवर बोलता आलं नसतं म्हणून लिहिलं.

माझी पोरगी आणि शेजारचं पोरगं रोज संध्याकाळी अर्ध्या मशीनवरच खेळायलेत, बाजू अजून रंगवायच्या आहेत तरी. पोरगी गेममधली हॅना घेते. काल तिनं खायचं त्याच्यासाठी सोडलं. मी काही शिकवलेलं नव्हतं.

पासोड्या विठोबाला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांकडं, चक्कर झाली तर एवढं आण: चांगल्या प्रतीचे मायक्रोस्विच, मोजून नको, जरा जास्तच, 12 व्होल्टचा कमी आवाजाचा पंखा, आणि लाल-पिवळी बटणं, 28 मिलिमीटरची. इथं मिळतात ती दाबली की अडकतात. महालक्ष्म्यांना येणारच आहेस, तर जेवणाच्या आदल्या रात्रीच पोच. दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरेल, मग पोरं आपल्याला मशीनजवळ फिरकू देणार नाहीत.

काकूंना नमस्कार सांग. आई तुझी सारखी आठवण काढते.

तुझा,
दत्ता

ता. क. फळी जमिनीपासून 38 इंचांवर धरलीय. भिंतीवर तेवढ्यावर खूण कर, समोर उभा राहून हात ठेव आणि खांदे वर उचलले जातात का ते कळव. तुझा निरोप येईपर्यंत मिस्त्री खालच्या पट्ट्या ठोकायचे थांबलेत.