एमएसबद्दल सुनीलला

जळगाव, मे महिना

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

काल वहिनींचा फोन आला. एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिसचं) निदान झाल्यापासून जो तो तुला 'प्रतिकारशक्ती वाढव' सांगतोय आणि तू रोज गुळवेलीचा काढा घेतोयस म्हणे. तो आजच बंद कर आणि डॉक्टरांच्या कानावर घाल. त्यासाठीच हे पत्र.

तुझी प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती तुझ्यावरच उलटली आहे. टी-पेशी म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्यांचं काम विषाणू शिरलेल्या पेशी हुडकायचं. या आजारात त्यांतल्या काही रक्तातून मेंदूत घुसतात आणि मज्जातंतूंवरच्या मायलिन या वेष्टनालाच शत्रू समजतात. बोअरच्या मोटारीची केबल सोलली गेली की काय होतं, ते तुला सांगायला नको. तुझी उजव्या डोळ्याची नजर अशीच गेली होती.

टी-पेशींना आवर घालणाऱ्याही टी-पेशी असतात. त्यांच्यावरच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. एमएसमध्ये तो आवर सैल पडतो.

प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे बी-पेशी. लॅबमध्ये काचपट्टीवर टी आणि बी पेशी सारख्याच दिसतात, जांभळ्या केंद्रकाने गच्च भरलेल्या. बरीच वर्षं दोष टी-पेशींच्याच माथी होता. २००८ मध्ये रिटुक्सिमॅबची एमएसवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हे औषध बी-पेशी संपवतं, त्यांच्यापासूनच तयार होऊन प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींना मात्र हात लावत नाही. तरी मेंदूच्या एमआरआयवरचे नवे डाग झपाट्याने घटले! म्हणजे बी-पेशींचा उपद्रव नुसता प्रतिपिंडांचा नव्हता, त्या टी-पेशींना चिथावतही होत्या. औषधानेच आजार उलगडून दाखवला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता उन्हाचं. केळीच्या बागेतून आल्यावर पुन्हा अंधुक दिसलं म्हणून तू घाबरलास. मायलिन गेलेल्या तंतूत अंग तापलं की संदेश अडखळतो, अंग थंडावलं की पूर्ववत होतो. उथॉफ या डॉक्टरांनी १८९० मध्येच हे टिपलंय. तो नवा हल्ला नव्हे. पण त्रास २४ तासांहून जास्त टिकला, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नकोस. घडांची कापणी यंदा मजुरांवर सोड, रावेरच्या उन्हात दुपारी फिरू नकोस.

रिटुक्सिमॅब सुरू करायचं ठरतंय ना? मग हिपॅटायटिस बीची तपासणी आणि राहिलेल्या लसी डॉक्टरांना विचारून आधीच उरकून घे. बी-पेशी गेल्यावर लस नीट लागू पडत नाही. आणि नंतर ताप आला तर अंगावर काढू नकोस, रात्री-अपरात्रीही मला फोन कर.

तुझा,
विलास