अण्णांच्या शिवराईचा फोटो

गिरगाव, मुंबई

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. फोनवर हे सगळं नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहितोय. पत्र मुग्धालाही वाचायला दे, कारण पुढचं बरंचसं काम तिलाच करावं लागणार आहे.

अण्णांची ती शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, जिच्यावर ‘श्री राजा शिव’मधला ‘जा’ अर्धाच उमटलाय आणि ‘श्री’च्या वर कडेला खाच आहे, तिचा फोटो ऑनलाइन विक्रीला लागलाय. नाणं तुझ्याच कपाटात आहे, घाबरू नकोस. पण तीन निरनिराळे विक्रेते तो फोटो दाखवून गिऱ्हाइकं पकडतायत. एकाने खाली ‘शंभर टक्के ओरिजिनल, मुंबई’ असं लिहिलंय. दुसऱ्याने फोटोवर स्वतःच्या दुकानाचं नाव आडवं छापलंय. मुग्धाने मापासाठी ठेवलेली स्टीलची पट्टी त्यांनी कापून टाकली, पण तुमच्या टेबलावरच्या चौकडीच्या मेणकापडाचा एक कोपरा तसाच राहिलाय. तू दिवाळीत ग्रुपवर टाकला होतास, तोच हा फोटो.

कुणी तुला म्हणेल, राज्याभिषेकापासून पार इंग्रजी अमदानीपर्यंत शिवराया चालल्या, तशीच दुसरी असेल एखादी. हे मुळीच ऐकून घेऊ नकोस. ते हातोड्याने पाडलेलं नाणं आहे. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे दर चकतीवर अक्षरांचा वेगळा भाग उतरतो. एकाच ठशाच्या दोन शिवराया शेजारी ठेवल्या, तरी एकीवर ‘छत्र’ पूर्ण आणि ‘पति’ निम्मा, दुसरीवर उलट. शिवाय कडेच्या चिरा, ठोके, गळ्यात घालायला पाडलेलं भोक. अंगठ्याच्या ठशासारखं प्रत्येक नाणं निराळं. यंत्रावर पाडलेला राणीछाप रुपया असता, तरी सराफांनी चांदी पारखताना मारलेल्या बारीक शिक्क्यांवरून तो ओळखता आला असता.

त्या मुंबईवाल्याला मी गिऱ्हाईक म्हणून लिहिलं. नाण्याच्या कडेचा फोटो पाठवा, काट्यावर ठेवून वजन दाखवा, शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून एक फोटो काढा. ज्याच्या हातात नाणं आहे त्याला याला कितीसा वेळ लागतो? उत्तर आलं, ‘फोटोत आहे तेच मिळेल, आधी पैसे पाठवा.’ मी म्हटलं, तुम्ही मुंबईतच आहात तर येऊन बघतो. त्यावर त्याने मला ब्लॉकच केलं. फोर्टात फूटपाथवर नाणी मांडून बसणारासुद्धा नाणं आपल्या हातात देतो, उलटसुलट करून बघू देतो. खरं की खोटं ते आपण आपल्या नजरेवर ठरवतो. इथे नजरेला द्यायला नाणंच नाही.

लालबागच्या एका पोराने याच विक्रेत्याकडून अण्णांच्या नाण्याचा फोटो बघून शिवराई घेतली. त्याला घरी काय आलं ते मी पाहिलं. साच्यात ओतलेली कॉपी होती ती. कडेला दोन अर्ध्या साच्यांच्या जोडाची बारीक रेघ, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरं झिजून नव्हे तर जन्मतःच बोथट. वजनही कमी. अस्सल पूर्ण शिवराई साधारण अकरा ते तेरा ग्रॅम भरते. त्या पोराला संग्रहबिंग्रह काही करायचा नव्हता. राज्याभिषेकदिनी देवघरात, महाराजांच्या तसबिरीपुढे ठेवायला त्याला ती हवी होती. त्याच्या आईने तिला हळदकुंकूही वाहिलं होतं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त चीड आली ती इथे. हे चोर लोकांच्या हावेवर जगतात असं आपण समजतो, पण विनू, यांचं निम्मं गिऱ्हाईक श्रद्धेचं आहे. १६७४ साली ज्या नाण्यावर आपल्या राजाचं नाव आपल्या लिपीत उमटलं, ते एकदा तरी घरात असावं, एवढीच त्यांची इच्छा असते.

आता तुझ्या बाजूने बघ. अण्णांनी ही नाणी साताऱ्यात तांबटांकडे जाऊन, वितळायला आलेल्या ढिगांतून निवडून वाचवली. उद्या तू ती एखाद्या संग्रहालयाला द्यायची म्हटलंस, किंवा मुग्धाने अभ्यासकांना दाखवली, तर पहिला प्रश्न येईल की हे तर त्या विक्रेत्याचं नाणं, तुमच्याकडे कसं? म्हणजे खऱ्या मालकानेच आपला खरेपणा सिद्ध करत बसायचं. आणि अभ्यासाचं नुकसान तर वेगळंच. किती ठसे होते, कोणता ठसा कुठल्या भागात सापडतो, हे अभ्यासक फोटो जुळवून जुळवून ठरवतात. एकच नाणं चार गावांच्या नावावर चढलं की त्या नोंदीवर विश्वास कुणी ठेवायचा?

म्हणून गप्प बसू नकोस. फोटो मुग्धाने काढलाय, तेव्हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याने हक्क तिचा आहे, नाणं कुणाचं का असेना. तक्रार तिच्याच नावाने जाऊ दे. तिच्या फोनमधली मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दबतो आणि तारीख, कॅमेऱ्याची माहिती त्यातून निघून जाते. मूळ फाइलमध्ये ते सगळं आहे, पट्टीसकट. ज्या संकेतस्थळावर माल लावलाय त्यांना लेखी नोटीस गेली की छत्तीस तासांत फोटो काढून टाकायचा असतो. पण पुढे एकवीस दिवसांत कोर्टाचा हुकूम आला नाही, तर ते तो परत लावू शकतात. म्हणून तेवढ्यात वकिलाशी बोलून ठेव. आणि नोटीस पाठवण्याआधी तिन्ही पानांचे स्क्रीनशॉट घ्या, पत्ता आणि तारीख दिसेल असे. नोटीस पोचल्यावर ती पानं गायब होतील.

लालबागच्या पोराला मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला लावला आणि सायबर पोलिसांच्या पोर्टलवर तक्रारही घातली. त्याचे पैसे बुडाले आहेत, ती फसवणूक वेगळी. तुझी तक्रार त्याच्या तक्रारीला जोडली की खोटं नाणं आणि खरा फोटो दोन्ही पोलिसांपुढे येतील. एकट्या त्याच्या तक्रारीत, फोटो कुणाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणखी एक. आता फोटो फिरतोय तर तुला फोन येतील, अण्णांच्या नाण्याला लाखो देतो, आधी एवढं कमिशन भरा, एवढा टॅक्स भरा. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतील. अशा व्यवहारांत बँक नसते आणि कुणाकडून कसलं शुल्कही घेत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलंय. तसला फोन सरळ ठेवून द्यायचा.

यापुढे फोटो टाकताना मुग्धाला म्हणावं, नाव कोपऱ्यात नको, अक्षरांवरून फिकट जाऊ दे. कोपरा कापता येतो. फोटो टाकायचं मात्र बंद करू नका. अण्णांनी कुणाला नाणं दाखवायला कधी नाही म्हटलं नव्हतं.

तिन्ही पानांचे माझ्याकडचे स्क्रीनशॉट सोबत पाठवलेत. नोटिशीचा मसुदा झाला की मला वाचायला पाठव, रविवारी मी घरीच आहे. वहिनींना नमस्कार, मुग्धाला आशीर्वाद.

तुझा,
शरद