घरी राखलेल्या बियाण्याला प्रदर्शनात स्वतंत्र वर्ग हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारे पुष्पप्रदर्शन आणि मुंबई महापालिकेतर्फे भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात भरणारे वार्षिक प्रदर्शन यांच्या बातम्या वृत्तपत्रांतून नेमाने येतात; मात्र त्यांसोबतची छायाचित्रे बहुधा गुलाबांची, बोन्सायची आणि पुष्परचनांची असतात. अशा प्रदर्शनांत भाजीपालाही मांडला जातो आणि तो मांडणाऱ्यांमध्ये गच्चीवर, बाल्कनीत किंवा घरामागच्या दोन-चार वाफ्यांत हौसेने भाजी पिकवणारी माणसे असतात. मी त्यांच्यातलीच एक आहे, आणि राज्यातील सर्वच प्रदर्शनांच्या आयोजकांपुढे एक सूचना आपल्या वृत्तपत्राच्या द्वारे ठेवू इच्छिते.

भाजीच्या स्पर्धेत परीक्षकाची नजर ताजेपणावर, निरोगीपणावर आणि ताटातील सगळे नग एकसारखे आहेत की नाही यावर असते. निकष म्हणून यात गैर काही नाही, कारण एकसारखी पाच वांगी वाढवायला लागणारी निगराणी आम्हालाही ठाऊक आहे. तथापि संकरित वाणाच्या पहिल्या पिढीची झाडे मुळातच सारखी येतात, त्यामुळे बक्षिसाची आशा धरणारा माणूस दर हंगामात नवे पाकीट विकत आणतो. त्या फळांचे बी धरून पुढच्या वर्षी लावले तर गुण फुटतात, म्हणजे झाडे आणि फळे वेगवेगळ्या तऱ्हेची निघतात, म्हणून बी राखण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्यांचे बी पिढ्यान्‌पिढ्या घरात राखता येते त्या सरळ वाणांत थोडीफार विविधता राहतेच, आणि सारखेपणाच्या कसोटीवर ते मागे पडतात. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या गोल, जांभळ्या-पांढऱ्या वांग्याची चव कितीही वाखाणली गेली, तरी ताटातल्या भाजीची चव परीक्षक घेत नाही.

बी राखणे हे भाजी पिकवण्याहून अधिक चिकाटीचे काम आहे, आणि ते प्रदर्शनात कुठेच दिसत नाही. वांग्याचे सर्वांत चांगले फळ तोडण्याचा मोह आवरून ते झाडावरच पिवळे पडेपर्यंत ठेवावे लागते. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवावे लागते. वाल, घेवडा, वाटाणा यांच्या फुलांत बहुधा स्वपरागसिंचन होत असल्याने ते सोपे. पण वेलवर्गीय भाज्यांचे तसे नाही. शेजारच्या गच्चीवर लांब दुधी असेल आणि आपल्याकडे गोल, तर किडे दोन्हींचा परागकण इकडेतिकडे नेतात आणि पुढच्या वर्षी वेलाला भलतेच काही लागते. म्हणून दुधीचे नर आणि मादी फूल उमलण्याआधीच दोऱ्याने बांधायचे, संध्याकाळी उमलण्याच्या वेळी हाताने परागसिंचन करायचे, मादी फूल पुन्हा बांधायचे आणि ते फळ वेलावर कवच टणक होऊन आतले बी खुळखुळेपर्यंत सांभाळायचे. त्यानंतर राखेत घोळवून बाटलीत भरलेले ते बी पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरडे ठेवण्याची काळजी असतेच.

आमच्यासारख्या बागप्रेमींचा आपसातला जिव्हाळाही मुख्यतः या बियाण्यावरच उभा आहे. कोणी परगावी गेले की दुसरा त्यांच्या झाडांना पाणी घालतो, मावा ही कीड पडली की दहा झाडांच्या पाल्यापासून केलेल्या दशपर्णी अर्काची बाटली शेजारून येते, हे सारे खरे. परंतु ज्या पुडीवर ‘आजीचा घेवडा’ किंवा ‘सासवडच्या मावशींची काकडी’ असे लिहिलेले असते, तिने जोडलेली माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या वेलाची चौकशी करत राहतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा-वालाच्या आणि इतर पिकांच्या गावठी वाणांचे बी जमवून इतरांना दिले, आणि त्या कार्यासाठी त्यांना 2020 सालचा पद्मश्री किताब जाहीर झाला. ज्या राज्यात हा सन्मान घडला, तिथल्या भाजीपाला प्रदर्शनांत बी राखणाऱ्यासाठी एक टेबलही राखीव नसावे, हे मला मनापासून खटकते.

भाजी प्रदर्शनाची परंपरा जिथे फार मुरलेली आहे त्या इंग्लंडमध्ये याचे उदाहरण सापडते. तेथील ईशान्य भागातल्या कोळसा खाणींच्या गावांत लीक या कांद्याच्या कुळातल्या भाजीच्या चुरशीच्या स्पर्धा होत आल्या आहेत, आणि त्यांत उतरणारे हौशी लोक आपापल्या निवडक झाडाच्या फुलोऱ्यात येणाऱ्या इवल्या रोपट्यांपासून तोच वाण वर्षानुवर्षे जपतात. म्हणजे प्रदर्शन आणि स्वतःचा वाण राखणे यांत विरोध असण्याचे कारण नाही.

माझी सूचना अशी की, भाजीपाला विभागात ‘घरी राखलेले बियाणे’ असा वेगळा वर्ग असावा. त्यात स्पर्धकाने ताज्या भाजीबरोबर त्याच वाणाचे मूठभर वाळलेले बी मांडावे आणि बी कोणाकडून आले, किती वर्षे राखले, वाण शुद्ध कसा ठेवला, हे एका कार्डावर लिहावे. गुण देताना सारखेपणापेक्षा बियाण्याची प्रत आणि ही नोंद यांना अधिक वजन असावे. यात लबाडी होईल अशी शंका कोणी घेईल, परंतु कार्डावर ज्यांच्याकडून बी आले त्यांचा उल्लेख असला की शहानिशा करणे अवघड नाही. शिवाय प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी हे बी इच्छुकांना वाटता येईल.

आयोजकांनी याचा विचार करायचा असेल तर तो आत्ताच करावा लागेल. वाल, दुधी, वांगी यांची लावण मृगाच्या आगेमागे सुरू होते आणि बियांसाठीचे फळ झाडावर ठेवायचे की खुडायचे, हे त्याच हंगामात ठरते. तेव्हा येत्या जानेवारीसाठीच्या वर्गाची घोषणा मे महिन्यापूर्वी झाली तरच स्पर्धकांना पुरेसा अवधी मिळेल.

आपली नम्र,
परसबागेत रमणारी एक वाचक, पुणे