बोटीत चढायच्या दिवसाबद्दल

रत्नागिरी

चि. सौ. वृषालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मुंबई-गोवा-मुंबई क्रूझची तिकिटं काढल्याचं सांगितलंस आणि त्याच दमात विचारलंस, की चढायच्या दिवशी नक्की काय काय होतं. फोनवर बोललेलं तू निम्मं कुकरच्या शिट्टीत ऐकतेस, म्हणून हे लिहून पाठवतो. विहीणबाईंनाही वाचून दाखव. त्यांना बोटीची धास्ती आहे, असं जावईबापू म्हणत होते.

पहिली गोष्ट. जाहिरातीत दाखवतात तसं हातात शहाळं घेऊन डेकवर आडवं होणं त्या दिवशी संध्याकाळनंतरच. तोवर रांगा, तपासणी, पुन्हा रांग, जेवायला गर्दी आणि बॅगा कुठे गेल्या म्हणून शोधाशोध. हे धरून चाललीस तर दिवस मजेत जाईल. सकाळीच सुट्टी सुरू झाली असं समजणारी माणसं दुपारपर्यंत कोणावर तरी ओरडतात, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा माझ्यासारखा केबिन स्टुअर्ड असतो.

कारण असं, की तुम्ही गेटवर पोचता तेव्हा त्याच केबिनमधून आधीची माणसं जेमतेम उतरलेली असतात. मायामीला आमची बोट पहाटे धक्क्याला लागायची. सात ते दहा जुने प्रवासी खाली, अकरा-साडेअकरापासून नवे वर. मधल्या वेळात एकेका स्टुअर्डकडे पंधरा-सोळा केबिन. सगळ्या पलंगांच्या चादरी ओढून कॉरिडॉरमध्ये ढीग, टॉवेलांचा दुसरा ढीग, मग बाथरूम, मग नव्या चादरी, शेवटी व्हॅक्यूम. खालच्या मजल्यावर बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आमचा एक लांबलचक रस्ता असतो. अमेरिकेतल्या हायवेवरून त्याला सगळे 'आय-९५' म्हणायचे. त्या दिवशी तिथे एका बाजूने तुमच्या बॅगांचे पिंजरे, दुसऱ्या बाजूने बटाटे, दूध, अंडी यांचे पॅलेट, आणि मधून आम्ही अंग चोरून पळणार. म्हणून कोणी "केबिन दीड वाजता मिळेल" म्हणालं तर दीडच समज. आधी जाऊन दारावर टकटक करू नकोस. आत एक माणूस गुडघ्यावर बसून कमोड घासत असतो.

आता मुंबईचं. बॅलार्ड पिअरला नवं क्रूझ टर्मिनल झालंय. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत म्हणे. आमच्या वेळी बंदरात शिरायचं तर ट्रक चुकवत जावं लागे, त्या मानाने तुमची चैन. पण टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझला जायचंय" म्हणालीस तर तो भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडायचा, मांडव्याची रो-रो तिथून सुटते. "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" म्हण, आणि तिकिटावर कुठलं गेट लिहिलंय तेही आदल्या दिवशी बघून ठेव. पुण्याहून डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला येते. तुमची वेळ दुपारची असेल तर हिशेब बसतो. पण घाटात गाडी अडकली तर बोट थांबत नाही. माझं मत विचारशील तर आदल्या रात्री ठाण्याला काकांकडे मुक्काम करा.

वेब चेक-इन घरूनच करून टाक आणि बोर्डिंग पासाची छापील प्रत घे. देशातल्या देशात जाताय, इमिग्रेशनची भानगड नाही. तरी प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हवंच, लहानग्या ईशानचंसुद्धा. मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नकोस. तिथे तुमचा फोटो काढतात, की-कार्ड देतात. ते कार्ड म्हणजे खोलीची किल्लीही आणि तुमचं उधारीचं खातंही. बोटीत शिरताना ते मशीनला लावलं की 'टिंग' वाजतं आणि पडद्यावर तुमचा चेहरा येतो. बोटीवर कोण कोण आहे याचा हिशेब त्यावर चालतो. ईशानचं कार्ड त्याच्या हातात देऊ नकोस. आणि त्या खात्यावर किती खर्च चढतोय ते रोज रात्री बघ. एकदा खाली उतरल्यावर भांडून उपयोग नसतो.

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच काढून घेतात. चिठ्ठीवर डेक आणि केबिन नंबर असतो, ती स्टेपलरने हँडलला घट्ट मार आणि विमानाची जुनी स्टिकरं सोलून टाक. बॅग दाराशी यायला संध्याकाळ होते, कधी जेवण उरकून येईपर्यंत येते. म्हणून विहीणबाईंची बीपीची औषधं, ईशानचे पोहायचे कपडे, चष्मा, चार्जर, दागिने, कागदपत्रं सगळं खांद्यावरच्या पिशवीत. दरवेळी कोणीतरी आजोबा संध्याकाळी पाचला आमच्याकडे येऊन सांगायचे, की दुपारची इन्सुलिन बॅगेत आहे. हजारो बॅगांतून ती एक शोधायला अख्खं डिपार्टमेंट लागायचं.

इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड, एक्स्टेन्शन बोर्ड यातलं काही नेऊ नका. स्कॅनरमध्ये दिसलं की ती बॅग बाजूला पडते आणि तुम्हाला बोलावणं येतं. विहीणबाईंना जरा हलक्या हाताने सांग, की निरांजन, उदबत्ती, कापूर घरीच ठेवायचा. देवाचा फोटो न्या, नमस्कार करा, पण ज्योत नाही. खलाशी माणूस वादळापेक्षा आगीला जास्त भितो. समुद्रात बाहेरून अग्निशमन दल म्हणून कोणी येत नाही, बोटीवरच्या माणसांनाच होजपाइप घेऊन धावावं लागतं. आम्हा स्टुअर्ड-वेटरांनाही त्याचं प्राथमिक शिक्षण दिलेलं असतं. घरचं शिजवलेलंही आत नेऊ देत नाहीत. तुझी आई लाडवांचा डबा पाठवणार आहे, तो गेटच्या अलीकडे संपवा.

आत गेल्यावर सगळी गर्दी बुफेकडे पळते. तुम्ही दारातल्या माणसाला विचारा, की खालचं मोठं डायनिंग हॉल दुपारी उघडं आहे का. असेल तर विहीणबाईंना टेबलाशी बसून शांतपणे जेवता येईल. जेवणाच्या पाळ्या असतील तर पहिली मागून घ्या. ईशान नऊनंतर जेवत नाही, झोपतो. आणि जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. दारात सॅनिटायझर घेऊन उभा असलेला पोरगा गाणं म्हणत असतो, त्याच्याकडे बघून हसा, पण साबण तो साबण. बोटीवर उलट्या-जुलाबाची साथ पसरली की बाटलीतल्या जेलने ती आवरत नाही.

केबिन लहान वाटेल. भिंती लोखंडी असतात, चार चुंबकाचे हुक नेलेस तर टोप्या-पिशव्या टांगता येतील. ईशानसाठी वरची घडीची बर्थ स्टुअर्ड रात्री उघडून देईल, तुम्ही ओढाताण करू नका. कमोड व्हॅक्यूमचा असतो, बटण दाबलं की केवढ्याने आवाज होतो. त्याला आधी सांगून ठेव, नाहीतर रडेल. त्यात कागदाखेरीज काही टाकायचं नाही. एका केबिनने डायपर टाकला की अख्ख्या ओळीतले संडास तुंबतात आणि शिव्या स्टुअर्ड खातो.

आता ड्रिल. इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

बोट सुटायच्या आधी सेफ्टी ड्रिल असते. तुमच्या कार्डावर एक अक्षर किंवा नंबर असतो, ते तुमचं मस्टर स्टेशन, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायची जागा. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की लिफ्ट सोडून जिन्याने तिथे जायचं. हल्ली काही बोटींवर निम्मं टीव्हीवर दाखवतात आणि मग स्टेशनवर जाऊन कार्ड टेकवून यायचं असतं. लोक ते तिकीट पंच केल्यासारखं उरकतात. तुम्ही तसं करायचं नाही. केबिनच्या दारापासून स्टेशनपर्यंत ईशानचा हात धरून चाला, आणि परत येताना त्याला पुढे होऊन रस्ता दाखवायला सांगा. त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये आहे का बघा. नसेल तर त्याच मिनिटाला स्टुअर्डकडे मागा, उद्यावर ढकलू नका. विहीणबाईंना जिने झेपत नसतील तर तेही आधीच सांगून ठेवा. अशा माणसांसाठी मदतीला कोण जाणार हे ठरलेलं असतं, पण माणूस कुठल्या केबिनमध्ये आहे ते त्यांना कळायला हवं.

मला भोंग्यानंतर माझ्या ओळीतली प्रत्येक केबिन उघडून बघायची असे. बाथरूम, पलंगाखाली, कपाटातसुद्धा, कारण लहान मुलं घाबरली की कपाटात बसतात. मग दाराला खूण करायची आणि पुढचं दार. दर आठवड्याला आम्ही हे करायचो आणि दर आठवड्याला कोणीतरी प्रवासी "आम्हाला माहीत आहे हो" म्हणून पलंगावर पडून राहायचा.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर घासली. त्याच संध्याकाळी चिवितावेक्किया बंदरात शेकडो प्रवासी चढले होते आणि त्यांची ड्रिल दुसऱ्या दिवशी होती. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं, चोवीस तासांच्या आत केली की झालं. बोट सोडायचा हुकूम सुटायला तासाहून जास्त वेळ लागला. ३२ माणसं गेली. त्यात मुंबईकडचा एक वेटर होता, त्याचे अवशेष मिळायला नोव्हेंबर २०१४ उजाडला. आमच्या बोटीवरचे निम्मे वेटर त्याच्याच वयाचे, त्याच्याच भागातले. मेसमध्ये कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यायची, असं जगभर झालं.

आपल्याकडे तर एवढं लांब जायलाच नको. १७ जुलै १९४७, दीप अमावास्या. रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. तुझी पणजी त्यानंतर बोटीत चढताना दर खेपेला समुद्राला नारळ द्यायची. नारळाला माझी हरकत नाही, पण सोबत लाइफ जॅकेट बांधता आलं पाहिजे. विहीणबाईंच्या धास्तीचं मूळही बहुधा असल्याच ऐकीव गोष्टींत असेल. त्यांना सांग, की आताच्या बोटीवर जॅकेटं आणि लाइफबोटी माणसांच्या हिशेबाने असतात. ड्रिल नीट केली की भीती निम्मी होते, हे मी कित्येक म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत पाहिलंय.

ड्रिल संपली की वरच्या उघड्या डेकवर जा आणि जागा धरा. बोट दक्षिणेकडे निघाली की उजव्या हाताला गेटवे, ताज, कुलाबा, शेवटी खडकात उभं प्रॉन्ग्ज दीपगृह. डाव्या हाताला घारापुरी, उरण, पुढे रेवस-मांडव्याची बाजू. उजेड असेल तर त्याच अंगाला खांदेरी दिसेल. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला किल्ला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. ईशानला इतिहास मी आल्यावर सांगीन. त्याला तुम्ही पायलट दाखवा. बंदरातून बोट बाहेर काढून देणारा पायलट काम झालं की बोटीच्या कुशीला सोडलेल्या दोरीच्या शिडीवरून उतरतो आणि खाली शेजारून पळणाऱ्या छोट्या लाँचवर पाय टाकतो. दोन्ही बोटी चालू असतात. लाँच लाटेवर वर येते तो नेमका क्षण तो पकडतो. शेकडो वेळा पाहिलंय, तरी दरवेळी माझ्या पोटात गोळा यायचा. बहुतेक प्रवासी तेव्हा पाठ करून सेल्फी काढत असतात.

बोट लागायची भीती असेल तर गोळी सुटण्याआधी घ्यायची, पोट ढवळल्यावर नाही. विहीणबाईंना कुठली चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचार. दिवाळीनंतरचा आपला समुद्र बहुतेक शांतच असतो. तरी वाटलंच तर मधल्या भागात, खालच्या डेकवर जाऊन बसा, तिथे कमी हलतं.

किनारा मागे पडला की फोन विमान मोडवर टाका. बोटीच्या उपग्रहाचं नेटवर्क फोन आपणहून पकडतो आणि बिल नंतर येतं. त्यामुळे आईला जे काय "पोचलो, जेवलो" कळवायचं ते रेंज आहे तोवर कळव. मध्यरात्रीनंतर कधीतरी तुम्ही रत्नागिरीच्या समोरून जाल, पण इतक्या लांबून की ना तुम्हाला आम्ही दिसणार ना आम्हाला तुम्ही. आई गच्चीवर जाऊन बघते म्हणत होती. मी झोपणार आहे.

तुमच्या केबिनचा स्टुअर्ड त्या संध्याकाळी येऊन नाव सांगेल. नाव लक्षात ठेवा आणि नावाने हाक मारा. काय हवं ते सगळं एकदमच सांगा: जास्तीची उशी, वरची बर्थ, लहान जॅकेट. पाच वेळा बोलावलं तर पाच वेळा येईल, पण त्या दिवशी तो पहाटेपासून उभा असतो. बक्षिशी द्यायची असेल तर शेवटच्या दिवसाची वाट न बघता पहिल्याच रात्री थोडी हातात दे. बिलात लावलेल्या सर्व्हिस चार्जमधलं त्याच्यापर्यंत किती पोचतं, ते कंपनीगणिक वेगळं असतं.

जावईबापूंना नमस्कार, विहीणबाईंना सा. न., ईशानला गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते लाडू डेक्कन क्वीनमध्ये संपणार नाहीत. उरले तर टर्मिनलवर बॅगा उचलणाऱ्या पोरांना द्या, त्यांना दुपारी जेवायला वेळ मिळत नाही.