सुभेदार मामांना, माईकवर बोलायचं राहिलं ते

मामा, सा. न.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात तुमचा सत्कार झाला, शाल घातली, नारळ दिला, आणि कुणीतरी माझ्या हातात माईक कोंबला, दोन शब्द बोल म्हणून. मी काय बोललो ते सगळ्या गावानं ऐकलंय. "मामांचे लई उपकार आहेत" एवढं म्हणून घसा धरला आणि माईक पुढच्याला देऊन टाकला. पोरं अजून चिडवायलेत. म्हणून आता गाडी लावून, जेवून, कट्ट्यावर बसून हे टाईप करायलोय. तुम्ही मोबाईलवर काय वाचत नाही माहीत आहे, मामी वाचून दाखवतील. मामी, मधलं मधलं गाळू नका, त्यांना लाज वाटू दे थोडी.

बाहेरचं कोण वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगतो. आमचा भाग म्हणजे बेळगावच्या पश्चिमेची खेडी, राकसकोप धरणाच्या अंगाला. रताळी, भात, आणि मिलिटरी. मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावातच, 1768 सालापासूनची रेजिमेंट, त्यामुळं आमच्याकडं पोरगं दहावीला गेलं की लोक मार्क विचारायच्या आधी छाती किती भरते विचारतात. सुभेदार मामा रिटायर होऊन आले ते पेन्शन घेऊन गप घरात बसले नाहीत, पहाटे साडेचारला शिट्टी घेऊन रस्त्यावर. एक रुपया कुणाकडनं घेतला नाही. उलट ज्याचे बूट फाटलेत त्याला बूट.

1600 मीटर साडेपाच मिनिटात मारलं की 60 मार्क, दहा बीम काढले, म्हणजे दांडीला लोंबकळून अंग वर ओढलं, की 40. आमचं सगळं आयुष्य या दोन आकड्यांवर होतं बघा. मामांनी वडाच्या झाडापासून पलीकडच्या मोरीपर्यंत 400 मीटर मोजलेलं, मोरीजवळ काठीला लाल टॉवेल बांधायचे, तिथनं वळून परत यायचं, असं दोनदा. आणि मला तो टॉवेल कधी दिसलाच नाही. खरंच सांगतो. दोन्ही बाजूला हिरवंगार भात, त्यात तो लाल टॉवेल, बाकीची पोरं म्हणायची तो काय लांबनं दिसतोय की, मला अगदी जवळ जाईपर्यंत काय समजायचं नाही. मी शिट्टीच्या आवाजावर पळायचो. शिट्टी कुठनं येते तिकडं. एकदा वळायची जागा सोडून पुढं पळत गेलो तर तुम्ही ओरडलात, "डोळे फुटलेत काय रे तुझे?" सगळे हसले, मी पण हसलो. तुम्ही ते नंतर मनाला लावून घेतलंत, मला मामींनी सांगितलंय. मामा, तेव्हा मलाच माहीत नव्हतं, तुम्हाला कुठनं माहीत असणार.

2020 ला भरती बंद, कोरोना. 2021 ला बंद. मी रोज पळतोय आणि वय पुढं पळतंय. 21 झाली की संपलं, आणि माझी झाली. त्या वेळी आईनं उचगावच्या मळेकरणीला नवस बोलला, पोरगं लागलं तर ओटी भरून सगळ्या गल्लीला जेवण घालते म्हणून. मी विठोबाला बोललो. रोज काकड्याला उभा राहायचो आणि आरती कुठली चालली तिकडं लक्ष नाही, मनात एकच, एक चान्स दे, एकच दे, परत काय मागणार नाही.

आणि चान्स आला की! जून 2022 ला अग्निपथ आलं, चार वर्षांसाठी मिलिटरीत घ्यायची नवी योजना, वय 21 च, मी जेवलो नाही त्या दिवशी. दोन दिवसात बातमी, या वर्षापुरतं 23 केलं म्हणून. आई रडली, म्हणाली बघ, देवीनं सरकारकडनं करवून घेतलं. मला पण तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. कुणाला नाही वाटणार?

भरतीला पाच मिनिट 22 सेकंदात आलो. बीम दहाच्या दहा. उंची, छाती, सगळं ओके. मग मेडिकल. कान बघितले, दात बघितले, गुडघे बघितले, आणि शेवटी ठिपक्याठिपक्यांची पानं पुढं ठेवली, यात आकडा कुठला ते सांग. पहिल्या पानावर सांगितला. दुसऱ्यावर मला नुसते ठिपके. तिसऱ्यावर ठिपके. मला वाटलं हे पान रिकामंच असतं, फसवायला ठेवतात. शेजारचा पोरगा धडाधडा सांगत होता. रिव्ह्यूला पण तेच झालं. लाल आणि हिरव्याची नजर कमी. अनफिट. यात चूक कुणाची नाही, नियम आहे तो आणि बरोबर आहे.

तरी मी सोडलं नाही. शहरात डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी नीट समजावून सांगितलं, हे जन्मापासनं असतं, डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी असतात त्यातच फरक, आणि हे आईकडून मुलाकडं येतं, आईला स्वतःला काही त्रास नसतो. "इदु आराम आगंगिल्लरी," म्हणाले, हे बरं होत नाही हो. आई शेजारीच बसली होती. तेव्हाच आम्हाला आज्जा आठवले, आईचे वडील. मिरची तोडायला गेले की पिकलेली आणि हिरवी एकाच बुट्टीत आणायचे, आज्जी बोंबलायची, सगळे म्हणायचे म्हातारा आळशी आहे. आळशी नव्हते ते. त्यांना ते कधी कळलंच नाही आणि आम्हाला कळलं ते जाऊन अकरा वर्ष झाल्यावर.

आईनं जेवण सोडलं. माझ्यामुळं झालं म्हणायची. तिला कुणाचं ऐकायचं नव्हतं. मग मामी आल्या, चुलीपुढं बसल्या, काय काय बोलल्या मला सगळं माहीत नाही, एक वाक्य ऐकलं, "अगं तुझं देण्यात काय थोडं चुकलं असेल, माझ्याकडं घ्यायलाच कोण आलं नाही." आणि दोघी हसल्या. मी बाहेर बूट घालत होतो, माझ्या अंगावर काटा आला. मामी, तुमचे पण आभार यातच धरा, वेगळं पत्र लिहायला मला जमायचं नाही.

डॉक्टरांनी नाही म्हटलं तरी मी एका ठिकाणी डोळ्यात घालायचे थेंब आणले, बाराशे रुपये. गाजर खाल्ली. चाळीस दिवस विठोबापुढं उभा राहिलो, नुसते डोळे दे म्हणून. एकेचाळीसाव्या दिवशी मोबाईलवर ती ठिपक्यांची पानं उघडली, ठिपकेच. त्या दिवसापासनं देवळाची वाट सोडली. दुसऱ्या गल्लीनं जायचो, मारुतीपासनं वळून, देऊळ दिसू नये म्हणून.

आता खरं ज्याचे आभार मानायचेत ते सांगतो.

त्या महिन्यात आमच्या घरी जो येईल तो देवाची वकिली करायचा. कोण म्हणे चार वर्षांचीच नोकरी होती, देवानं वाचवलं. कोण म्हणे यापेक्षा मोठं काहीतरी ठेवलंय तुझ्यासाठी. एकजण म्हणाला नवस बोलताना काय चुकलं असेल बघा, कडक देवी आहे. एका पाहुण्यानं मागच्या जन्मावर नेलं, चहा पिता पिता. मला प्रत्येकाच्या तोंडावर दार आपटावं वाटायचं. माणूस पडलेला असताना त्याला हे का पडलं ते समजावून सांगायची लोकांना एवढी घाई का असते काय की.

तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, कट्ट्यावर बसलात, चहा प्यालात, "रात्री झोप लागते काय?" विचारलंत. नाही म्हटलं. "बरं" म्हणालात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी परत. रताळ्याचा दर काय चाललाय, म्हशीला काय झालंय, एवढंच. मी वाट बघत होतो आता हे पण सुरू करणार, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पंढरपूर, हे सोडतात होय? सोडलंत. आठ-नऊ दिवस एक शब्द नाही. शेवटी मीच चिडून म्हणालो, मामा तुमच्या विठोबाला विचारा की एकदा, द्यायचं नव्हतं तर वय कशाला वाढवलं, आशा कशाला लावली?

तुम्ही उठून घरी गेलात, मला पण बोलावलंत. ती काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात तुमचा नंबर आणि नाव, ती उघडून दाखवलीत. आत गरम कोट, डांबरगोळ्यांचा वास, आणि एका कोपऱ्यात मोकळी जागा. म्हणालात, "इथं माळ ठेवली होती. सहा वर्ष." मला काय कळेना. मग सांगितलंत. लग्नानंतर बारा वर्ष मामींनी आणि तुम्ही मागितलं, पोरगं दे, पोरगी दे, कायतरी दे. सुट्टी मिळाली की पंढरपूर. शेवटी डॉक्टरनं नाही म्हणून सांगितलं त्या रात्री तुम्ही माळ काढलीत आणि ट्रंकेत टाकलीत. माळ काढायची नसते हे आमच्याकडं लहान पोराला पण माहीत आहे. "सहा वर्ष मी त्याच्याशी बोललो नाही," म्हणालात.

मी विचारलं, मग काय झालं?

"काय झालं नाही. ट्रंक उघडली की दिसायची. एक दिवस महाराजांकडं जाऊन परत घालून घेतली."

म्हणजे पोरगं झालं नाही, स्वप्नात कोण आलं नाही, कीर्तनात सांगतात तसं काहीच नाही. मी म्हटलं मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का. "नाही की," म्हणालात, एवढ्या सरळ म्हणालात, जसं पाऊस नाही म्हणावं तसं. "पण बोलायचं बंद करून पण मिळालं नव्हतं. आणि त्याच्याशी न बोलता मला करमेना."

मामा, मला त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली. तुम्हाला असं वाटत असेल की मी काय विशेष केलं. मला दुसरा एक माणूस भेटला ज्याला मिळालं नाही, जो अजून तिथंच उभा आहे, आणि जो मला खोटं सांगत नाही, हे मला कुठल्या कीर्तनात मिळालं नसतं.

नंतरचं भराभर सांगतो. लायसनचं तुम्हीच हुडकून काढलंत, 2020 च्या जूनमध्ये नियम बदललाय, कमी किंवा मध्यम प्रमाणात रंग कळत नसतील तर गाडी चालवायला मिळते, पूर्णच कळत नसतील तर नाही. माझं मध्यम निघालं. स्कूटरवर मागं बसवून सर्टिफिकेटसाठी तीन हेलपाटे मारलात. आज छोटा हत्ती टेम्पो आहे, बँकेचा हप्ता आहे, रताळी मार्केट यार्डला नेतो. सिग्नलची काळजी करू नका, वरचा लाल, खालचा हिरवा, पाठ आहे. आता कोण म्हणेल बघ, देवानं गाडी दिलीच की. मी नाही म्हणणार. मला गाडी नको होती, वर्दी पाहिजे होती. सेंटरच्या बाजूनं जाताना परेडचा आवाज आला की अजून काच वर करतो.

आणि आईचा नवस. ती एक दिवस तुम्हालाच विचारायला आली होती, काम झालं नाही, मग नवस फेडायचा असतो काय? तुम्ही म्हणालात, "फेडायचा नसतो. जायला कोण नको म्हणतंय?" आईनं ओटी भरली. गल्लीला जेवण नाही, पैसेच नव्हते, पण ओटी भरली, हिरवं लुगडं, नारळ, आणि देवीपुढं उभी राहून म्हणाली, तू दिलं नाहीस, मी आणलंय. मी बाजूला होतो. मला वाटलं आता देवी कोपते का काय. आई मात्र घरी येताना बसमध्ये खिडकीला डोकं लावून झोपली.

मी काकड्याला परत यायला लागलो ते तुम्ही स्टॉपवॉच हातात दिल्यावर. "मला आता आकडे दिसत नाहीत, तू धर," म्हणालात. चष्मा खिशात होता तुमच्या, मी बघितला होता. पोरं पळवून झाली की तुम्ही देवळाकडं वळता, मग मी एकटा घरी कशाला जाऊ, पायरीवर बसायला लागलो. मग आत. अजून मागताना जीभ अडखळते माझी. का दिलं नाहीस हे अजून विचारतो, कधी कधी आरतीच्या मधेच. शेजारी तुम्ही टाळ वाजवत असता.

एक शेवटचं, आणि हे मला माईकवर सांगायचं होतं. स्टॉपवॉच घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे वडाखाली आलो, उजाडायला लागलं होतं, पोरं ओळीत उभी होती. मोरीकडं बघितलं आणि मला टॉवेल दिसला. चारशे मीटरवरनं, भाताच्या वर, स्पष्ट. मला वाटलं डोळे बरे झाले. काळीज असं उडालं की शिट्टी मारायची विसरलो. मग जवळ जाऊन बघितलं तर पांढरा होता. तुमचा अंघोळीचा, कोपऱ्याला मामींनी टाका घातलेला.

तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. लाल टॉवेल परत कधी त्या काठीला लागला नाही.

उद्या साडेचारला येतो. गाडी पहाटे भरायची नाही म्हणून सांगून ठेवलंय.

तुमचा,
डोळे फुटलेला